आईची गादी

मी कुडाळला शिकलो. आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट, तोही सायन्सचा. भुताखेताचे असले अनुभव वाचून मी हसायचो. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाजच वाटतेय...

माझे बाबा बत्तीस वर्षं मुंबईतल्या समुद्रकाठच्या एका जुन्या, नामांकित हॉटेलात रूम आवरायचे. राजेरजवाडे उतरलेलं हॉटेल. माझं शिक्षण त्याच कामावर झालं. उशीच्या अभ्र्याचं तोंड दाराकडे दिसू द्यायचं नाही, हा तिथला नियम. बाबांची स्वतःची एक खूण होती – उशीतला खळगा पाहून गेस्ट कुठल्या बाजूला झोपतो ते ओळखायचं आणि पांघरुणाचा कोपरा त्याच बाजूने त्रिकोणी दुमडायचा.

घरी मात्र ते अंथरुणाला हात लावत नसत. आई चिडवायची, "जगाची गादी घालतास, माझी कधी घालतल्यात ओ?"

"तू गेस्ट हो, मगे घालतंय!"

मला अंधेरीला नोकरी लागली, मुलुंडला वन बीएचके घेतला, आई-बाबा माझ्याकडेच राहायला आले. बाबा रिटायर झाले तेव्हा मी त्याच हॉटेलात दोघांसाठी एका रात्रीची रूम बुक केली. आईने साडीसुद्धा काढून ठेवली होती. पण बाबा ऐकेनात. "पुढच्या दारान माका जमाचा नाय रे. माझेच सोबती माझी बॅग उचलतले?"

मी संतापून म्हणालो, "मग राहा जन्मभर नोकरच!"

दोन महिन्यांनी बाबा हार्ट अटॅकने गेले. तो शब्द परत घ्यायचा राहूनच गेला.

तेराव्यानंतर एकदा मी आणि आई त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी पालिकेत गेलो. दुपारी तीनला परतलो. घराच्या दोन्ही चाव्या आमच्याजवळच होत्या. सकाळी घाईत आईची गादी तशीच विस्कटलेली सोडली होती...

ती घातलेली होती. चादरीला एक सुरकुती नाही. उशीच्या अभ्र्याचं तोंड दारापासून पलीकडे. आणि भिंतीच्या बाजूने दुमडलेला त्रिकोण.

"पण तू तर खिडकीकडे झोपतेस ना?" मी विचारलं.

आई हळूच म्हणाली, "ते गेल्यापासून तेंच्या जाग्यार झोपतंय." हे मलाही माहीत नव्हतं.

हॉलमध्ये माझं अंथरूण मात्र सकाळसारखंच पडलं होतं. बाबांचा माझ्यावरचा राग गेला नाही, असं वाटून मला रडू फुटलं. त्यांना 'नोकर' म्हणालो होतो, ते मी आईला पुन्हा बोलून दाखवलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. "खुळो काय तू? तू घरचो. घरच्यांची गादी ते कधी घालीत?"

"मग तुझी कशी घातली?"

आई हसली. "मी आता गेस्ट झालंय मा!" त्या रात्री ती खाली चटईवर झोपली, घडी मोडेल म्हणून.

याला वर्ष होत आलं. शेजारी, वॉचमन, सगळ्यांना विचारून झालं. कुणालाच काही माहीत नाही. पण गेस्ट कधीतरी निघतोच, ही धास्ती मनातून जात नाही. आता ऑफिसमधून आलो की चपला काढायच्या आधी मी दारातूनच आईची गादी बघतो. ती मी आईला मुद्दाम आवरू देत नाही; विस्कटलेली दिसली, की मग आत येतो.