श्रुतलेखनात एकही चूक नाही

माझा स्वभाव मुळातच संशयी. भाजीवाला "आजचीच आहे, ताई" म्हणाला की मला ती हमखास कालची वाटते. त्यामुळे दुसरीच्या वर्गातल्या एका मुलीच्या श्रुतलेखनात पुन्हा पुन्हा एकही चूक निघेना, तेव्हा आनंदबिनंद काही झाला नाही. मनात पाल चुकचुकली.

खडकीतली आमची शाळा मराठी माध्यमाची. पहिली वेलांटी कुठे आणि दुसरी कुठे, हे शिकवता शिकवता माझे केस पिकले. मुलं 'नदि' लिहितात, 'फुल' लिहितात, राहतात त्या गावालासुद्धा 'पूणे' करून ठेवतात. त्यांना तरी काय बोलायचं? कोपऱ्यावरच्या डेअरीवर हातभर अक्षरांत 'दुध' लिहिलंय. मी सांगायला गेले, तर मालक म्हणे, आजवर एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. घ्या!

अशा वर्गात ही मुलगी वर्षाच्या मध्येच वाघोलीकडच्या शाळेतून आलेली. बोलायची जवळजवळ नाहीच. हाक मारली तर कधी ओ द्यायची, कधी सरळ दुर्लक्ष करायची. मी म्हटलं, आगाऊ आहे कार्टी. पण दुसरी वेलांटी, दुसरा उकार, सगळं जिथल्या तिथे. आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तर हरखूनच गेल्या. हिला शुद्धलेखनाच्या स्पर्धेला पाठवू, म्हणाल्या. मी म्हटलं, थांबा जरा. उद्या तिथे चारचौघांत बिंग फुटलं, तर पोरीच्या कपाळावर कायमचा शिक्का बसायचा. आधी मला बघू दे.

पहिल्यांदा तिला पुढच्या बाकावर एकटीला बसवलं. एकही चूक नाही. मग मी वर्गात मागे फिरत शब्द सांगायला लागले. तशी तिची पेन्सिल थांबली. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं, मी पाठमोरी होते, तेव्हा शेजारच्या रांगेतल्या वहीत डोकावली. सापडली! मला अगदी चोर पकडल्यासारखं वाटलं. पण लगेच दुसरी शंका आली. ज्या वहीत ती डोकावली, त्या वहीत नेहमी निम्मे शब्द चुकलेले असतात. मग एरवी हिचे सगळे बरोबर येतात कुठून?

पुढच्या आठवड्यात मला सपाटून सर्दी झाली. तोंडावर रुमाल धरून खुर्चीत बसूनच श्रुतलेखन घेतलं. सगळी मुलं माना खाली घालून लिहीत होती. तिने मात्र पेन्सिल खाली ठेवली आणि उठून माझ्या टेबलाशी आली.

"बाई, रुमाल काढा ना. ऐकू येत नाही."

"रुमाल माझ्या तोंडावर आहे, तुझ्या कानांवर नाही," मी म्हटलं.

"पण तोंड दिसत नाही ना."

मी रुमाल खाली घेतला. दुसरी वेलांटी कशी ओळखतेस, असं हळूच विचारलं. तिला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "दुसरी असली की तुमची हनुवटी वर जाते," ती म्हणाली.

वर्षानुवर्षं 'नदीऽऽ', 'फूऽऽल' असं लांबवून शिकवताना हनुवटी वर करायची सवय मला कधी लागली, देव जाणे. वर्गातल्या बाकीच्यांनी ती कधी पाहिलीच नाही, कारण त्यांना ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या आईला बोलावून घेतलं. आई दारातूनच म्हणाली, कान चांगले आहेत तिचे, लक्ष नसतं एवढंच. मला काही ते पटलं नाही. मुलगी व्हरांड्याच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून मैदानातला खेळ बघत उभी होती.

"इथूनच हाक मारा बरं तिला," मी म्हटलं.

आईने तोंड उघडलं. हाक मात्र मारली नाही. ती चालत गेली, वळसा घालून मुलीच्या समोर गेली, खाली बसली आणि उगाचच तिची रिबीन नीट केली. मला कळायचं ते कळलं.

परत आल्यावर आई खालच्या आवाजात बोलली. आधीच्या शाळेत तिने खरं सांगितलं होतं. त्यावर अशा मुलांची शाळा वेगळी असते म्हणून त्यांनी दाखला हातात ठेवला. इथे कळलं तर इथूनही काढतील, म्हणून तिने घरातल्या सगळ्यांना गप्प बसवलं होतं.

मला असा राग आला, की विचारू नका. म्हटलं, इथून तिला कुणी काढणार नाही, मी आहे. पण कान तपासायचे, आणि ते याच आठवड्यात. मी स्वतः बरोबर येते.

आईचा माझ्यावर काडीचाही विश्वास बसला नव्हता. ती पिशवी छातीशी धरून उभी होती.

"तोंडी नको, बाई," ती म्हणाली. "लिहून द्या."

मी आत जाऊन मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. कान तपासल्यावर काहीही निघालं तरी ही मुलगी याच शाळेत शिकेल, असं लिहिलं, सही केली, त्यांचीही सही आणि शाळेचा शिक्का घेतला आणि कागद आईच्या हातात दिला. मीही तेच मागितलं असतं. तिने तिथेच उभं राहून तो अक्षरावर बोट ठेवत शेवटपर्यंत वाचला, आणि मग कुठे ती रडली.