आमच्या डॉक्टरीणबाई आणि पार्वताबाईंची झोप

नागपूरला परिचारिकेचे शिक्षण घेऊन मी बालाघाटच्या रुग्णालयात रुजू झाले, तेव्हा डॉ. विमलाबाई देशकर तिथे शस्त्रक्रिया करीत होत्या. माझी वस्ती कोणती ते कळल्यावर वॉर्डातले दोघे-तिघे माझ्या हातचे पाणी घेईनात. बाईंच्या ते लक्षात आले असावे. दुपारी त्या बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर मला म्हणाल्या, "सिस्टर, तुमच्या मडक्यातलं पाणी द्या." पाणी पिऊन त्या पुढच्या रुग्णाकडे वळल्या. नंतर त्या गोष्टीवर कोणी कधी बोलले नाही.

बाईंची साठी आपण सारे साजरी करीत आहोत. या गौरवग्रंथात त्यांच्या कामावर जाणकार लिहितीलच. मी फक्त पार्वताबाईंची हकिकत सांगते.

पार्वताबाई लामत्याजवळच्या खेड्यातल्या. वय पस्तिशीच्या आसपास. पोट वर्षानुवर्षे वाढत गेलेले. गावात त्यांना 'मोटी' म्हणत. चुलीपुढे बसता येत नसे, भाताच्या रोवणीला वाकता येत नसे, लुगडे जाऊ नेसवून देई. रात्री भिंतीला टेकून बसल्या बसल्याच डोळा लागायचा. दम लागतो म्हणून नवरा कवडूजी त्यांना रेल्वेने घेऊन आले.

"सारे म्हणतेत भात कमी कर," पार्वताबाई म्हणाल्या. "एकच वखत जेवून राह्यली मी, बाई."

बाईंनी बराच वेळ तपासले. "हा भाताचा लठ्ठपणा नाही. पोटात पाण्यानं भरलेली मोठी गाठ आहे. ती काढावी लागेल. नागपूरला जाता?"

"नागपूरले नाही जात. करायचं तं इथंच करा."

कवडूजींनी विचारले, "जगन का हे?"

"खात्री देत नाही," बाई म्हणाल्या. "पण गाठ अशीच वाढली तर श्वास घेणंही जड जाईल."

पार्वताबाई म्हणाल्या, "मले पाठीवर झोपता येईन का?"

"येईल."

"तं करा."

आमच्या रुग्णालयात तेव्हा रक्ताची सोय तोकडी होती. रक्त जुळणाऱ्यांत बाई स्वतः निघाल्या. पण त्यांनाच शस्त्रक्रिया करायची होती, म्हणून रक्त जुळणाऱ्या रुग्णालयातल्या एका शिपायाला त्यांनी स्वतः समजावून तयार केले. सकाळी काम सुरू झाले. सगळे पाणी एकदम काढले तर नाडी ढासळेल, म्हणून त्या थोडे थोडे काढीत, थांबत, माझ्याकडे पाहत. मी नाडी सांगे. गाठ बाहेर आली तेव्हा परात उचलायला दोघे लागले. बाईंच्या पायांना रग लागली होती, तरी शेवटचा टाका त्यांनी स्वतःच घातला.

दुसऱ्या दिवशी दुपारी कवडूजी धावत आले. "बाई, चला लवकर. हे अशी काहून पडली?"

आम्ही दोघी लगबगीने गेलो. पार्वताबाई उताण्या होत्या, तोंड थोडे उघडे, छाती संथ हलत होती. इतक्या वर्षांत त्यांना आडवे झोपलेले कवडूजींनी पाहिलेच नव्हते.

"झोपल्या आहेत," बाई हळूच म्हणाल्या. "उठवू नका." मग त्यांनी स्वतः खिडकीचा पडदा ओढला. कवडूजी खाटेजवळ खाली बसून रडले.

घरी जाण्याच्या दिवशी पार्वताबाई काट्यावर उभ्या राहिल्या, तेव्हा काटा चुकतो आहे असे वाटून मी त्यांना पुन्हा उभे केले. पुढच्या पावसाळ्यात त्या रोवणीला उतरल्या. पुतणीच्या लग्नात पंगतीत मांडी घालून जेवल्या, हे सांगायला त्या मुद्दाम आल्या होत्या. आता गावात त्यांना नावाने हाक मारतात. लामता-परसवाड्याकडच्या कितीतरी बाया त्यांच्यासोबत बाईंकडे आल्या, एरवी ज्या दवाखान्याची पायरी चढल्या नसत्या.

नव्या चिन्नोर तांदळाचे गाठोडे त्या दरवर्षी आणतात. बाई ते एकट्या ठेवून घेत नाहीत. वॉर्डात भात शिजतो आणि आम्ही सगळे एकत्र जेवतो.

मागच्या महिन्यात या ग्रंथाविषयी सांगितले, तेव्हा पार्वताबाई म्हणाल्या, "लिहिजा, डॉक्टरीणबाई आमच्या घरी येतो येतो म्हणते, आली नाही कधी."

म्हणून बाईंना आमची विनंती आहे, आता थोडी रजा घ्यावी. गुडघे बरे राहावेत, हात असाच स्थिर राहावा, शंभरी निरोगी जावी. आणि यंदा लामत्याच्या गाडीत आम्ही त्यांना बसवूनच देणार आहोत. पलीकडे कवडूजी उतरवून घ्यायला उभे असतील.