आमची सव्वा मूठ

एरंडोल तालुक्यातल्या आमच्या शाळेत पाचवीची मुलं ‘एक पूर्णांक एक छेद चार’ घडाघडा म्हणायची. पण ते म्हणजे किती, हे कुणालाच सांगता यायचं नाही. श्रावण होता, कानबाई देवीचा सण तोंडावर आला होता. मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, “तुमना घर रोटले कितला गहू लेतस?”

वर्ग एकदम जागा झाला. “माणूसमागे सव्वा मूठ.”

देवीच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजतात, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. आम्ही मुठी धरल्या, पाव वेगळा काढला. चार पुरुषांच्या घराला पाच मुठी, हे मुलांनीच सांगितलं.

तेवढ्यात केंद्रप्रमुख आले. जरा वेळ ऐकून म्हणाले, “मॅडम, गणिताच्या तासाला रोट कशाला? आणि प्रमाण भाषेत बोला. उद्या ही मुलं शहरात जातील.”

“जातील तेव्हा तीही बोलतील, सर. आज त्यांना सव्वा कळू द्या.”

मी मूळची पिंपळनेरकडची. लहानपणी अहिराणी बोलले म्हणून मला बाकावर उभं केलं होतं, तेव्हा मी मान खाली घातली होती. आता घालणार नव्हते.

इतक्यात पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली. मुलींची मूठ का मोजत नाहीत, हे तिला हवं होतं. “मॅडम, आमनी मूठ काबर धरतस नही? आमीबी रोट खातस.”

“हा काही गणिताचा प्रश्न नाही,” साहेब म्हणाले.

“आहे ना,” मी म्हणाले. “तुझ्या घरी बाया किती?”

“आजी, माय, काकू, मी.”

तिच्या घरी पुरुषही चारच. फळ्यावर पाचच्या शेजारी मी आठ सव्वे लिहिले. मुली आधी ओरडल्या, “दहा.” मग मुलगेही.

साहेबांनी शेरा लिहिला: प्रमाण भाषेचा वापर करावा. मी सही केली आणि दुसऱ्या दिवशीचा तासही अहिराणीतच सुरू केला.

कानबाई झाल्यावर मी त्या मुलीला विचारलं, घरी काय झालं. आजीने ऐकलं नव्हतं. रीत ती रीत, म्हणाली. पाचच मुठी घेतल्या. पोरगी मात्र हिरमुसली नव्हती. सगळ्या वर्गासमोर शांतपणे म्हणाली, “आजीनं गणित चुकनं.”

मी तिला गप्प केलं नाही.