डॉक्टर माझी, मुलगा जावेचा

सई आणि अद्वैत, तुमच्या बाबांना फोनवर मी फक्त ‘बरी आहे’ म्हणते. तुम्हाला मात्र सगळं लिहिते, कारण उद्या तुमच्यावरही विम्यातला डॉक्टर निवडायची वेळ येईल.

“हार्ट ब्लॉक आहे,” ईसीजी पाहून डॉक्टर मंजिरी म्हणाल्या. म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्याचा इशारा खालच्या कप्प्यापर्यंत नीट पोहोचत नाही. मग होल्टर, म्हणजे दिवसभर ठोके नोंदवणारं यंत्र, छातीला लावलं. “पेसमेकर बसवायला हवा. थोडं थांबता येईल, टाळता येणार नाही.”

त्यांचं हॉस्पिटल आपल्या विम्याच्या यादीत नव्हतं. तुमच्या बाबांनी परदेशातून यादीतलं दुसरं सुचवलं. मी तिथे जाऊन बसून आले. डॉक्टर हुशार होते. पण आजोबा गेले तेव्हा माझा हात धरून बसल्या होत्या त्या मंजिरी.

आणि उचगावची माझी धाकटी जाऊ सुमन, तिच्याही यादीत हे हॉस्पिटल नसताना, मंजिरींकडूनच अँजिओप्लास्टी करून आली होती. तिला त्यांच्याकडे नेलं मी. आता ती चारचौघांत ‘आमच्या डॉक्टर’ म्हणायची, आणि माझा जळफळाट व्हायचा.

शेवटी मी विमा कंपनीला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, “आजी, डॉक्टर तुम्ही निवडू शकता. फक्त बिल आधी भरायचं, मग कागद पाठवायचे. धावपळीला कोणी आहे ना?”

सुमनकडे तिचा मुलगा दिलीप होता. माझा मुलगा समुद्रापलीकडे. डॉक्टरपेक्षा मला हेवा होता तो याचा.

तरी गेले. “सुमन, दिलीपला चार दिवस देशील?”

“अक्का, परात मागितल्यागत काय मागताय? आधी सांगायचं न्हाय व्हय? दिलप्या, ऊठ की!”

दिलीपने सगळं केलं. काउंटरवर भांडला, कागद गोळा केले. “मोठी आई, सही करा आन् गप पडा,” म्हणायचा. पेसमेकर मंजिरींनीच बसवला. भूल फक्त तेवढ्या भागाला होती, त्यामुळे त्यांचा आवाज शेवटपर्यंत ऐकू येत होता. मी घाबरले नाही.

पोरांनो, यादी पाहून गप्प बसू नका, विचारा. आणि विचारण्याआधी जवळ कोण आहे ते पाहून ठेवा.

दिलीपचे उपकार मी विसरणार नाही. पण संध्याकाळी तो “आई वाट बघत आसंल” म्हणून गाडीला किक मारतो, तेव्हा अजून जळते. ठोके आता नीट पडतात. हेवा आहे तसाच आहे.