अपघाताआधीची आत्या

माझी आत्या गाडी शिकवते. शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असलेली तिची पांढरी गाडी सगळं गाव ओळखतं, आणि ती दिसली की ट्रकवालेसुद्धा मुकाट्यानं बाजूला होतात. शिकणारे पाठीमागे तिला ‘ब्रेकबाई’ म्हणतात, कारण समोरचं मांजर त्यांना दिसायच्या आत हिचा पाय ब्रेकवर असतो. पाय म्हणजे उजवा. डावा गुडघ्याखाली कृत्रिम आहे आणि तो क्लच सांभाळतो. नवी मुलं त्या पायाकडे चोरून बघतात. “रस्त्याकडे बघ, माझा पाय कुठे जात नाही,” असं ती म्हणते. आठवडाभरात ती मुलं तो पाय विसरतात, कारण तिच्या जिभेपुढे बाकी कशाची भीती वाटायला सवड मिळत नाही.

आता पोलादबद्दल. पोलाद हा सिनेमातला सुपरहिरो. जुन्या सिनेमात तो रेल्वे यार्डात राबणारा एक भित्रा माणूस असतो. डब्याखाली त्याचा पाय जातो, मग तो इंजिनाच्या तुकड्यांतून स्वतःचा पाय घडवतो आणि त्या पायातून त्याच्या अंगात ताकद येते. आत्या इस्पितळातून घरी आली आणि थोड्याच दिवसांत हा सिनेमा लागला. झालं, लोकांनी दोघांना एका माळेत ओवून टाकलं. पुढे पोलादच्या चाहत्यांचं मंडळ निघालं तेही तिच्याच ऑफिसात, भिंतीवरच्या वाहतुकीच्या खुणांखाली. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे औषधाच्या दुकानाचे मालक, आमचे केमिस्टकाका. माणूस लाखमोलाचा, पण हातात माइक आला की आवरत नाही. कुठलाही कार्यक्रम असो, आत्याची ओळख ते एकाच वाक्यात करून देतात : “पाय गेला आणि या बाईंचा जन्म झाला.” टाळ्या पडतात. आत्या हसते. ते हसू खोटं आहे, हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली.

यंदा पोलादचा नवा सिनेमा आला. नट नवा, गोष्टही पहिल्यापासून नवी. यात पोलाद दोन्ही पाय धड असतानाच मुकादमाला नडतो, जळत्या डब्यातून माणसं बाहेर काढतो. पाय जातो तो नंतर, अगदी फालतू कारणानं. लोखंडी पाय हा नुसताच पाय. ताकद त्याच्यात मुळातच असते. शुक्रवारी आम्ही सगळ्यांनी तो पाहिला आणि शनिवारी ऑफिसात मंडळाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“पायातून ताकद येणार नसेल तर पाय घालवला कशाला?” केमिस्टकाकांनी विचारलं.

“मला नवा आवडला,” बँकेत काम करणारी आमची एक सभासद म्हणाली. तिच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं, की बिचारीनं पुन्हा चहाच्या कपात तोंड घातलं.

मीही मागे नव्हते. “जुन्यात भित्रा माणूस धीट होतो. नव्यात धीट माणूस धीटच राहतो. मग गोष्ट घडली कुठे?” हा मुद्दा मला स्वतःलाच फार आवडला, म्हणून मी तो दोनदा मांडला.

रविवारी संध्याकाळच्या खेळानंतर थिएटरच्या मॅनेजरनं चाहत्यांना बोलायला माइक द्यायचं कबूल केलं होतं. कोण बोलणार, यावर काकांनी चर्चाच होऊ दिली नाही. “बाई बोलतील. नुसतं उभं राहून ‘पाय गेला आणि माझा जन्म झाला’ एवढं म्हणाल्या, तरी नव्या सिनेमाची बोलती बंद.” सगळ्यांनी माना डोलावल्या. आत्यानं चहाचे कप गोळा करायला घेतले.

घरी जाताना गाडी मी चालवत होते, ती शेजारी.

“मी ते वाक्य म्हणणार नाहीये,” ती म्हणाली.

“का गं?”

“कारण माझा जन्म त्याच्या आधी झाला होता.”

“आत्या, ती एक बोलायची पद्धत असते.”

“पद्धत तुमची, जन्म माझा.” मग तिनं विचारलं, “आपल्या घरात माझी गोष्ट कुठून सुरू होते, सांग बरं.”

मी आठवून पाहिलं. इस्पितळापासून. नेहमीच. त्याआधीच्या आत्याबद्दल मला एक अक्षर माहीत नव्हतं.

“शनिवारी तुम्ही येता, तावातावानं भांडता, मला बरं वाटतं,” ती म्हणाली. “पण तुम्हाला हवाय पोलाद. पायाची गंमत काढून घेतली, तर उरलेली बाई तुम्हाला चालेल का? मला माहीत नाही.”

‘मला माहीत नाही’ हे शब्द तिच्या तोंडून मी कधी ऐकले नव्हते. मी तिच्याकडे पाहिलं, आणि तिनं कचकन ब्रेक दाबला, कारण मला समोरचा सायकलवाला दिसला नव्हता.

रविवारी मी बाबांनाही ओढत नेलं. बाबा म्हणजे आत्याचे धाकटे भाऊ. घड्याळं दुरुस्त करतात आणि शब्द मोजून वापरतात. सिनेमा चालू असताना त्यांनी छान झोप काढली. दिवे लागले, केमिस्टकाका पडद्यासमोर गेले, ठरलेलं वाक्य म्हणाले, टाळ्या घेतल्या आणि माइक आत्याच्या हातात दिला.

“काकांचं वाक्य चांगलं आहे, पण चूक आहे,” आत्यानं सुरुवात केली. “एकोणीस वर्षांची असताना मी ट्रक शिकायला गेले. शिकवणारा म्हणाला, पोरींना मी स्टिअरिंगला हात लावू देत नाही. मी त्याच्या ट्रकच्या बॉनेटवर चढून बसले. म्हटलं, आता काढ गाडी. शेवटी त्यानं किल्ली दिली, आणि मी लायसन घेऊनच थांबले. त्यानंतर एकदा गोदामात कुणीतरी ट्रक उभा केला आणि हॅन्डब्रेक लावायला विसरला. माझा पाय गेला. त्यात माझं काय कर्तृत्व? त्या अपघातानं मला काही दिलं नाही. दोन वर्षं घेतली, दुखणं तेवढं दिलं. ही गाडी शिकवायची शाळा मी काढली. पाय नसता गेला तर दोन वर्षं आधी काढली असती.”

तिनं माइक दुसऱ्या हातात घेतला.

“जुना सिनेमा मला आवडतो, मारामाऱ्या झकास आहेत. पण परवा पोलादला दोन्ही पाय धड असतानाच मुकादमाला नडताना पाहिलं आणि वाटलं, हा मला ओळखतो.”

काकांचा चेहरा पार उतरला होता. “पण बाई,” ते चाचरत म्हणाले, “सिनेमा म्हणून जुनाच चांगला.”

“सिनेमा म्हणून जुनाच चांगला. पण मी सिनेमा नाही.”

मागून कुणीतरी खट्याळपणे विचारलं, “बॉनेटचं खरं कशावरून? कुणी पाहिलंय?”

लोक हसले. आत्या हसली नाही. साक्ष द्यायला होतं तरी कोण? आजी-आजोबा जाऊन किती वर्षं झाली. तो ट्रक शिकवणारा आता कुठे असेल, कुणास ठाऊक. मला एकदम रडू आवरेना.

तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची वाजली. बाबा उभे राहिले होते.

“मी पाहिलंय,” ते म्हणाले. माइक नव्हता, पण ऐकू गेलं. “मी तेव्हा लहान होतो. आईनं हिचा डबा घेऊन पाठवलं होतं. ही बॉनेटवर बसूनच जेवली. मला म्हणाली, घरी सांग, उशीर होईल.” मग त्यांनी लोकांकडे पाहिलं. “पाय होता तेव्हाही ही अशीच होती. तेव्हा पळत अंगावर यायची, एवढाच फरक.”

हशा उसळला. पहिली टाळी केमिस्टकाकांची होती, आणि बराच वेळ ते वाजवत राहिले. आत्या मात्र माइक खाली धरून बाबांकडेच बघत होती. तिला पळताना पाहिलेला या जगात तो एकच माणूस उरला होता.

माझ्या दुसऱ्या बाजूला एक अनोळखी गृहस्थ बसले होते. “माझी आत्या आहे,” मी त्यांना सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं.