निळ्या कोटवाल्याचं शेपूट

आमच्या ऑक्शन हाउसमध्ये कुणी केटल लावली की एक किस्सा निघतोच, आणि तो संपेपर्यंत चहा गार! ब्रिस्टलच्या या ऑफिसात मी आणि माझी बॉस जोन मिनिएचर बघतो. म्हणजे तळहातावर मावतील अशी जुनी पोर्ट्रेट्स. त्यातही जोनचा जीव दोनशे वर्षांपूर्वीच्या फ्रान्समध्ये. पॅरिसमध्ये नव्हे हं, छोट्या गावांतल्या चित्रकारांमध्ये!

*

एकदा एक गृहस्थ पणजोबांचं चित्र घेऊन आले. "मळलं होतं, काच काढून वेट वाइपने पुसलंय!" हस्तिदंतावरचं वॉटरकलर ते, ओलं लागलं की निघतं! कोट शाबूत, चेहरा सफाचट. जोन शांतपणे म्हणाली, "कोट छान आहे."

*

एक बाई पणजीचं चित्र घेऊन आल्या. "आमच्या पणजीसारखी दुसरी होणे नाही!" जोनने ड्रॉवरमधून दुसरी काढली. तोच ड्रेस, तीच शाल, फक्त डोकं वेगळं. गावोगाव हिंडणारा चित्रकार, धडं आधीच रंगवून ठेवत असणार!

बाई म्हणाल्या, "पण शाल तरी आमचीच ना?"

*

जोनचं स्वतःचं एक मिनिएचर आहे. निळ्या कोटातला तरुण कडेला बघतोय, आणि कोपऱ्यात कुत्र्याचं नुसतं शेपूट! नवराबायकोची अशी जोडचित्रं काढायचे. "म्हणजे उरलेला कुत्रा बायकोकडे," जोन म्हणायची. त्या बायकोसाठी तिने सारे लिलाव पालथे घातले. यंदा ती रिटायर होतेय. मध्यंतरी म्हणाली, "आता नाही सापडायची." मला इतकं वाईट वाटलं!

*

आणि मग मी स्लाऊला आईच्या मैत्रिणीकडे, मालतीकाकूंकडे, हळदीकुंकवाला गेले. शोकेसमध्ये गोल फ्रेम. गोरी बाई, तिच्या मांडीवर कुत्रा, फक्त शेपूट चित्राबाहेर! आणि बाईच्या कपाळावर लाल टिकली!

"काकू, हे काय?"

"कार बूट सेलमध्ये कुणाच्या डिकीतल्या जुन्या सामानात मिळाली. भुंडं कपाळ बघवेना ग! नवरा असेलच की कुठेतरी."

टिकली काचेवर होती, म्हणून वाचलो!

शनिवारी जोनला घेऊन गेले. तिने निळा कोट शेजारी ठेवला. कुत्रा पुरा झाला! जोन रडायलाच लागली. काकूंचा आनंद वेगळाच, "बघ, म्हटलं नव्हतं? सवाशीण आहे!"

जोनने किंमत विचारली.

"लेकीचे पैसे घेतात होय? नांदायला पाठवतेय तिला!" काकूंनी तिथल्या तिथे फ्रेमची ओटी भरली. खण, नारळ, सगळं!

जोडी आता जोनच्या घरी आहे, टिकलीसकट. पाहुण्यांनी विचारलं, की जोन म्हणते, "शी इज मॅरिड!"