बाळंतिणीच्या खोलीतली भोंगा

माझ्या भावजयीला हळू बोलता यायचं नाही. मुद्दाम नव्हे हो, घशाची घडणच तशी. आमच्या ह्यांनी गिरणीच्या भोंग्यावरून तिचं नाव भोंगा ठेवलं, तर तिने ते खुशाल घेतलं. फोन उचलला की "भोंगा बोलतेय" म्हणायची. सत्तरच्या दशकातलं मेलबर्न ते. ट्राममध्ये ती माझ्याशी मराठीत बोलायला लागली की पुढच्या बाकावरच्या बायका माना वळवायच्या. मी तिला कोपराने ढोसायची. ती आणखी मोठ्याने विचारायची, "का गं? तिकीट काढलंय आपण!"

भोंगा पुण्याची, ब्राह्मणाघरची. मातीचं रसायनशास्त्र शिकायला स्टुडंट व्हिसावर आलेली. आम्ही वसईचे ख्रिस्ती. माझा धाकटा भाऊ पास्कू आमच्यामागोमाग इथे आला, मोटारीच्या कारखान्यात लागला, आणि त्याला कायमचं राहायची परवानगीही मिळाली होती. दोघांचं कुठल्याशा क्रिकेटच्या मॅचला जुळलं. तिथे सगळे खेळ बघत होते आणि ही अंपायरशी भांडत होती. रजिस्टर लग्न केलं. पुण्याहून वडिलांनी कळवलं, इकडे पाऊल टाकू नकोस. लग्नानंतर दोघं मेलबर्नच्या क्लेटन भागात आमच्याच घरी राहायला आली. दोन खोल्यांचं घर, एक आमची, एक त्यांची.

आली त्या दिवसापासून ती मला 'ताई, तू' म्हणायची. मी सातवी शिकलेली, पण नणंद होते ना! थोडं लागलं मनाला. म्हटलं, "पुण्याला थोरल्या नणंदेला अहोजाहो करत नाहीत का?" तर म्हणाली, "करतात. पण अहोजाहोने भांडी घासली जात नाहीत, ताई. सरक तू, मी घासते." आणि घासली.

त्या काळी शिकायला आलेल्यांनी शिकून आपल्या देशी परत जावं, अशी इथल्या सरकारची अपेक्षा. इथे राहणाऱ्याशी लग्न झालं तर कायमच्या परवानगीसाठी अर्ज करता यायचा, पण लग्न खरं आहे की राहायला मिळावं म्हणून केलंय, हे साहेबलोक तपासून बघायचे. तिचा अर्ज गेला आणि ओळखीपाळखीचे सल्ले सुरू झाले. मंगळसूत्र घाल, टिकली लाव, हातात हात घालून फोटो काढा. भोंगा म्हणायची, "लग्न झालंय की आमचं. आता त्याचं नाटक कशाला बसवायचं?"

अशात मी बाळंत झाले. माहेरचं माणूस समुद्रापलीकडे, कोण येणार? भोंगाच माझी आई झाली. मेथीचे लाडू वळले, बाळाला न्हाऊ घातलं, आणि पहिल्याच दिवशी आमच्या ह्यांची उशी उचलून पास्कूच्या खोलीत टाकली. "सव्वा महिना तिकडे झोपायचं. बाळ रडलं की मी उठणार, ताई नाही." आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत बायकाच असतात, तेव्हा आम्हाला कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

आणि एके दिवशी सकाळी सकाळी इमिग्रेशनचा साहेब दारात. उंच, केस लालसर, सर्दी झालेली. भला माणूस होता, पण कामाला आला होता. नवराबायकोची खोली दाखवा म्हणाला. मी दार उघडलं. आत एका पलंगावर, एका रजईत, पास्कू आणि आमचे हे! पास्कूचा पाय ह्यांच्या पोटावर. साहेबाने फाईल उघडून नावं पुन्हा वाचली. मग हळूच म्हणाला, "आणि बायको?"

बायको माझ्या खोलीत, केस पिंजारलेले, खांद्यावर माझी लेक.

"तुम्ही नवऱ्याजवळ झोपत नाही?"

"सध्या नाही. घरात बाळंतीण आहे."

"ती तुमची कोण?"

"नवऱ्याची बहीण."

"मग तिचा नवरा?"

"माझ्या नवऱ्याजवळ," भोंगा म्हणाली. शेजारच्या ग्रीक आजीने खिडकी उघडली, इतक्या मोठ्याने.

साहेबाने नाक पुसलं, काहीतरी लिहून घेतलं आणि मी परत येईन म्हणून गेला. अर्ज फेटाळला तर शिक्षण संपल्यावर भोंगाला जावंच लागणार. पास्कू हात जोडून म्हणाला, "बाई, सव्वा महिना गेला खड्ड्यात. तू आपली आपल्या खोलीत ये." मीही म्हटलं, "जा गं, मी उठेन बाळासाठी." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सरकारसाठी झोपायची जागा बदलायची असेल, तर मी लग्न सरकारशीच केलं असतं. पास्कू, तू तिकडेच झोप. आणि पाय आवरून झोप."

त्याच आठवड्यात पुण्याहून तार आली. वडिलांना अर्धांगवायू झाला होता. पास्कू म्हणाला, तू जा, इथलं मी बघतो. ती म्हणाली, "आत्ता गेले तर हे साहेबलोक म्हणतील, बघा, गेलीच शेवटी, लग्न खोटंच होतं. मग मला परत कोण घेणार?" आणि कणीक मळायला बसली. त्या दिवशी आमच्या घरात पहिल्यांदा घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मला तेवढी भीती त्या साहेबाचीही वाटली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा म्हटलं, निदान आता तरी पास्कूच्या खोलीत जा, काम लवकर होईल. तर मलाच विचारते, "म्हणजे बापाला भेटायला खोटं बोलून जाऊ?"

साहेब परत आला, पुन्हा सकाळीच. सगळं जिथल्या तिथे. तिकडे दोघे मेहुणे, इकडे आम्ही दोघी. लेक टाहो फोडत होती, तिचं दुपटं ओलं झालेलं. भोंगाने इकडेतिकडे पाहिलं आणि पोर सरळ साहेबाच्या हातात दिलं. "धरा जरा, कोरडं आणते." काखेत फाईल, हातात माझी लेक, असा तो बिचारा उभा. ती परत आल्यावर म्हणाला, "मी पुन्हा येणार हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही इथेच?"

"मला माहीत होतं," भोंगा म्हणाली, "बाळाला माहीत नव्हतं."

साहेब असा हसला की त्याला शिंक आली. जाताना फाटकापाशी पास्कूला दोस्तासारखं म्हणाला, "मेट, ज्यांचं लग्न खोटं असतं ना, त्यांच्याकडे दुसऱ्या खेपेला दोन उशा शेजारी शेजारी असतात आणि वर भिंतीवर लग्नाचा फोटो. तुमच्यासारखा गोंधळ कुणी मुद्दाम करत नाही."

पुढे ऐंशीच्या दशकात किती मुली आमच्या स्वयंपाकघरात रडत बसल्या असतील, शिकायला आलेल्या, इथे लग्न केलेल्या, तपासणीला घाबरलेल्या. भोंगा त्यांना चहा द्यायची आणि म्हणायची, "घर जसं आहे तसं राहू दे. झाडू मार फक्त." कुणी म्हणालीच तर बरोबर ऑफिसातही जायची.

भोंगाला जाऊन आता दोन वर्षं झाली. पास्कूला अजून शांत घरात झोप लागत नाही, रेडिओ लावून झोपतो.

पण मला आठवतो तो तिच्या पासपोर्टवर कायमच्या परवानगीचा शिक्का बसला त्यानंतरचा टुलामरीनचा विमानतळ. ती पुण्याला निघाली होती. वडील भेटले तिला, हे आधीच सांगून टाकते. त्यांची वाचा गेली होती. ही रोज उशाशी बसून बोलायची. "पहिल्यांदाच त्यांना मला मध्ये तोडता आलं नाही," असं मला नंतर म्हणाली, आणि डोळे पुसले.

तर त्या दिवशी आम्हा सगळ्यांना मिठ्या मारून ती आतल्या दारातून गेली. दार लागलं. पास्कूने रुमाल काढला. तोच दार पुन्हा उघडलं आणि भोंगा बाहेर! दारावरचा माणूस मागून हाका मारतोय.

"काय विसरलीस गं?" मी ओरडले.

"काही नाही," ती म्हणाली. "जाऊन परत येता येतं का, बघत होते."